छुप्या भूमिकांचा खेळ : वेग, मौन आणि सूत्रधार – एक चिकित्सा

प्रास्ताविक

सात-आठ किंवा दहा-बारा जणांचा एक गट मोबाईलच्या पडद्यावर जमतो. त्यांतील एक जण खेळ चालविण्याचे काम पत्करतो आणि बाकीच्या प्रत्येकाला खासगी संदेशाने त्याची भूमिका कळवितो. दोघे 'माफिया' होतात, उरलेले 'गावकरी'. माफियांना एकमेकांची ओळख दिलेली असते. गावकऱ्यांना स्वतःखेरीज कोणाचीच खात्री नसते. खेळातील 'रात्री' माफिया गुपचूप एकाचे नाव कळवितात आणि तो गावकरी बाद होतो. 'दिवस' उजाडला की उरलेले सारे संशय घेतात, खुलासे मागतात आणि बहुमताने एकाला बाहेर काढतात. सगळे माफिया बाहेर गेले तर गाव जिंकते. माफियांची संख्या गावकऱ्यांच्या बरोबरीला आली तर माफिया जिंकतात.

नियम इतके थोडके असूनही या खेळाने गेल्या चार दशकांत जगभर पाय पसरले. मॉस्को राज्य विद्यापीठात मानसशास्त्राचा विद्यार्थी असलेल्या दिमित्री डेव्हिडॉफने १९८६ च्या सुमारास तो रचला. १९९७ मध्ये अमेरिकेतील अँड्र्यू प्लॉटकिनने माफियांच्या जागी रात्री लांडगे होणारी माणसे आणली आणि 'वेअरवूल्फ' हे त्याचे दुसरे नाव रूढ झाले. २०१८ मध्ये आलेला 'अमंग अस' हा मोबाईल-संगणकावरील खेळ दोन वर्षे फारसा कोणाच्या लक्षात आला नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत तो एकाएकी घरोघरी पोहोचला, भारतातही पोहोचला. २०२५ मध्ये हिंदीत आलेला 'द ट्रेटर्स' हा कार्यक्रमही याच सांगाड्यावर उभा आहे. वसतिगृहातील मुलांना हा खेळ शिकवावा लागत नाही, तो त्यांना ठाऊक असतो.

शिक्षकवर्गात या खेळाविषयी प्रायः एकच आक्षेप ऐकू येतो : तो मुलांना खोटे बोलावयास शिकवितो. हा आक्षेप सर्वस्वी निराधार आहे असे नाही. पण तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. खोटे बोलण्याची जबाबदारी खेळात दोघा-तिघांवरच असते. बाकीचे सारे प्रामाणिक असतात आणि तरीही निरपराध माणसाला बाहेर काढण्याचे काम मुख्यतः त्यांच्याच मतांनी होते. ज्यांना काही माहीत नाही असे बहुसंख्य लोक निर्णय कसा घेतात, हा या खेळाचा खरा विषय आहे. तो ऑनलाइन आणि वेगाने खेळला जाऊ लागल्यावर या निर्णयाचे काय होते, आणि खेळ चालविणाऱ्याकडे त्यातली किती जबाबदारी येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

चिठ्ठ्यांचा खेळ आणि माफिया

मराठी घरांना छुपी भूमिका नवी नाही. राजा, प्रधान, चोर, शिपाई अशी नावे लिहिलेल्या चार चिठ्ठ्या घडी घालून टाकावयाच्या, प्रत्येकाने एक उचलावयाची, राजाने आणि शिपायाने स्वतःला प्रकट करावयाचे आणि उरलेल्या दोघांतून शिपायाने चोर ओळखावयाचा, हा पावसाळी दुपारचा खेळ कित्येक पिढ्यांनी खेळलेला आहे. राजाला हजार गुण, चोराला शून्य. मधल्यांच्या गुणांची पद्धत घरागणिक निराळी. शिपाई चुकला की त्याचे गुण चोराला जातात.

या शेवटच्या नियमाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. पण दोन्ही खेळांतील नैतिक अंतर त्यातच आहे. चिठ्ठ्यांच्या खेळात आरोप करणाऱ्याला नाव आहे, त्याचे पद सर्वांना ठाऊक आहे आणि चुकीच्या आरोपाची किंमत त्याच्या खात्यातून वजा होते. माफियात आरोप करतो तो जमाव. मत प्रत्येकाचे, पण निर्णय कोणाचाच नाही. निरपराध गावकरी बाहेर गेला तर गावाचे नुकसान होते खरे, तथापि ज्याने पहिल्यांदा त्याचे नाव घेतले त्याला वेगळे काही भोगावे लागत नाही. उलट पुढच्या दिवशी तोच पुन्हा तितक्याच आत्मविश्वासाने दुसऱ्याचे नाव घेतो आणि बऱ्याचदा त्याचे ऐकलेही जाते. दुसरा भेदही महत्त्वाचा आहे. चिठ्ठ्यांचा डाव मिनिटभरात संपतो व चिठ्ठ्या पुन्हा उधळल्या जातात. आता चोर असलेला पुढच्या डावात राजा होऊ शकतो. माफियात एकदा बाहेर गेलेला खेळाडू डाव संपेपर्यंत बाहेरच.

अज्ञानी बहुमताची स्थिती किती नाजूक असते हे साध्या गणिताने दाखविता येते. सात खेळाडू आहेत, दोन माफिया आहेत, खेळ दिवसापासून सुरू होतो आणि सारे केवळ अंदाजाने मत देतात असे धरू. पहिल्या दिवशी बाहेर जाणारी व्यक्ती निरपराध असण्याची शक्यता सातांत पाच, म्हणजे सुमारे ७१ टक्के. अखेरीस गाव जिंकण्याची शक्यता ३५ मध्ये ८, म्हणजे सुमारे २३ टक्के. माफिया एकच ठेवला तर हीच शक्यता ५४ टक्क्यांवर जाते. एका माणसाच्या फरकाने खेळाचा तोल पार बदलतो. मार्क ब्रेव्हरमन, ओमिद एतेसामी व एल्चानन मोसेल या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणिती अभ्यासात असे दाखविले की, माफियांची संख्या एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असली तरी दोन्ही बाजूंना तुल्य संधी राहते. म्हणजे गट जितका मोठा, तितका त्याला जेरीस आणणारा कट प्रमाणाने लहान असला तरी पुरतो. गावात एखादा 'पोलीस', म्हणजे रोज रात्री एका खेळाडूची खरी ओळख विचारू शकणारा, असला तर मात्र चित्र पालटते. मग माफियांना टिकण्यासाठी एकूण संख्येचा ठरावीक हिस्सा व्हावे लागते. खात्रीचे थोडेसे ज्ञानही अंदाजांच्या मोठ्या ढिगापेक्षा किती भारी पडते, याचे इतके नेटके उदाहरण वर्गात देण्याजोगे दुसरे सापडणे कठीण.

याच गणितात एक चमत्कारिक गोष्टही आहे. चार खेळाडूंत एक माफिया असता गावाची शक्यता २५ टक्के. तीन खेळाडूंत एक असता ३३ टक्के. एक प्रामाणिक माणूस वाढला आणि गाव दुबळे झाले! कारण दोन्ही ठिकाणी मतदानाची संधी एकदाच मिळते. चौथा माणूस केवळ चोराला लपावयास आणखी एक आडोसा देतो. ऑनलाइन खेळात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही, हे पुढे दिसेल.

सूत्रधाराचे काम

खेळ चालविणाऱ्याला आपल्याकडील महाविद्यालयीन मुले 'गॉड' म्हणतात. हे नाव सोयीचे असले तरी दिशाभूल करणारे आहे. त्याला सर्व काही माहीत असते एवढ्यापुरते ते खरे; परंतु त्याला काही करावयाची मुभा नसते. सूत्रधार हा आपला जुना शब्द येथे अधिक चपखल बसतो. संस्कृत नाटकातील सूत्रधार प्रस्तावना करून निघून जातो. या खेळातील सूत्रधाराला शेवटपर्यंत थांबावे लागते आणि आपल्या चेहऱ्यावरून, आवाजावरून, विरामावरून काहीही कळू न देता थांबावे लागते.

समोरासमोरच्या खेळात त्याचे काम तुलनेने सोपे असते. सारे गोल बसतात, डोळे मिटतात, तो हलक्या आवाजात एकेका भूमिकेला जागे करतो. ऑनलाइन खेळात डोळे मिटता येत नाहीत. रात्रीची कृती खासगी संदेशाने होते आणि येथेच नव्या प्रकारचे पुरावे जन्म घेतात. कोण 'ऑनलाइन' दिसत होता, कोणाच्या नावाखाली 'टायपिंग' उमटून नाहीसे झाले, कोणाला संदेश पोहोचून निळ्या खुणा झाल्या आणि तरी उत्तर आले नाही, याकडे मुरलेले खेळाडू बारकाईने पाहतात. या कशाचाही भूमिकेशी आवश्यक संबंध नसतो. एखाद्याच्या घरी पाहुणे आलेले असतात, एखाद्याची बॅटरी उतरलेली असते. म्हणून जाणता सूत्रधार रात्री प्रत्येक खेळाडूला संदेश पाठवितो आणि प्रत्येकाकडून उत्तर मागतो. ज्याला रात्री काहीच काम नाही अशा गावकऱ्यालाही 'तुमचा संशय कोणावर?' असे विचारतो. सर्वांची उत्तरे आल्यावरही तो ठरलेली वेळ संपेपर्यंत सकाळ जाहीर करीत नाही. नाहीतर पोलिसाने उत्तरास विलंब लावला की साऱ्या गावाला ते समजते. भूमिकेच्या संदेशाचे छायाचित्र दाखविण्यास तो मनाई करतो, कारण ते एकदा दाखविले की खेळच उरत नाही. बाद झालेल्यांसाठी वेगळा गट करतो. मतांची बरोबरी झाल्यास काय, वेळेत मत न दिल्यास काय, हे त्याने खेळापूर्वी सांगितलेले असावे लागते. नियम खेळाच्या मध्यात सुचला तर तो कोणाच्या तरी विरुद्धच जातो.

खेळ वेगवान केला की या साऱ्या गोष्टींना धार येते. 'अमंग अस'च्या मूळ मांडणीत निखळ चर्चेसाठी १५ सेकंद आणि त्यानंतर मतदानासाठी १२० सेकंद असतात. मतदान चालू असतानाही बोलता येते व दोन्ही मुदती बदलता येतात. गटावर चालणाऱ्या वेगवान माफियातही दिवस दोन-तीन मिनिटांचाच ठेवण्याची प्रथा आहे. वेगाचे समर्थन करणारे म्हणतात की, त्यामुळे कंटाळा येत नाही व बाद झालेल्यांना फार वेळ ताटकळावे लागत नाही. हे खरेच आहे. पण दोन मिनिटांत जो बोलतो त्याचीच बाजू तयार होते. पहिल्या वीस सेकंदांत कोणी एक नाव टाकतो, दुसरा 'मलाही वाटत होते' म्हणतो, तिसरा मत देऊन मोकळा होतो. ज्याचे नाव निघाले त्याने उत्तर टंकित करेपर्यंत मते पडलेली असतात. त्याने लांबलचक खुलासा लिहिला तर 'एवढे स्पष्टीकरण कशाला?' आणि काहीच लिहिले नाही तर 'गप्प का?'. मौन हा येथे सर्वांत सोपा पुरावा ठरतो. अनुभवी खेळाडूंत तर न बोलणाऱ्याला आधी काढावे असा संकेतच आहे आणि त्यामागे तर्कही आहे : तो गावाला कसलीच माहिती देत नाही. परंतु माहिती न देणे आणि गुन्हेगार असणे यांतील अंतर दोन मिनिटांत कोणी मोजत बसत नाही.

मौनाची कारणे कोणती असू शकतात याचा विचार सोलापूरच्या परिसरात निराळा होतो. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव घ्यावे. तेथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. विडी कामगार महिलांसाठी उभारलेली, २००६ मध्ये लोकार्पण झालेली दहा हजार घरांची कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत आहे. आणि असंघटित कामगारांसाठीच्या तीस हजार घरांच्या रे नगर प्रकल्पातील पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये हस्तांतरित झाली. घरात तेलुगू, शेजारी कन्नड किंवा दखनी, शाळेत मराठी, पुढील शिक्षणात इंग्रजी, अशी भाषांची वीण या भागात नित्याची आहे. अशा ठिकाणच्या आठ-दहा मुलांनी मिळून हा खेळ मांडला तर एक प्रश्न लगेच उपस्थित होतो : आरोप कोणत्या भाषेत होणार आणि बचाव कोणत्या? ज्याला मराठीत पटकन लिहिता येत नाही, जो रोमन लिपीत अडखळतो, तो पंधरा सेकंदांत निर्दोष ठरू शकत नाही. त्याची अडखळ ही भाषेची असते. गट ती चारित्र्याची समजतो. आवाजावर चालणाऱ्या खेळातही हेच घडते, फक्त तेथे उच्चार आडवा येतो.

संपर्क तुटण्याचा प्रश्न याहून स्थूल, पण त्याचे परिणाम मोजता येतात. सात खेळाडूंत एक माफिया असताना एका गावकऱ्याचे नेटवर्क गेले व तो बाद धरला, तर अंदाजाने चालणाऱ्या गावाची शक्यता ५४ टक्क्यांवरून ३७.५ टक्क्यांवर येते. कारण मतदानाच्या तीन संधींऐवजी दोनच उरतात. वीज गेली म्हणून गाव हरले, असा याचा अर्थ. यावर सूत्रधारापाशी एक साधा उपाय असतो. गेलेला खेळाडू हाच त्या रात्रीचा बळी मानावयाचा आणि माफियांना त्या रात्री दुसरा बळी द्यावयाचा नाही. असे केल्यास शक्यता ५५-५६ टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ पूर्वस्थितीवर येते. पण हा निर्णय कोणी माणूसच घेऊ शकतो, आणि तोही त्याने आधी विचार करून ठेवला असेल तर.

दहा सेकंदांचे न्यायासन

खेळाच्या निमित्ताने जमलेला गट एका व्यक्तीला घेरतो, ही घटना मराठी वाचकाने पूर्वीच पाहिलेली आहे. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ मध्ये 'रंगायन'ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले. सुलभा देशपांडे यांनी लीला बेणारेची भूमिका केली. १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला. या नाटकाचे विवेचन स्त्रीप्रश्नाच्या व मध्यमवर्गीय दंभाच्या अंगाने विपुल झाले आहे आणि ते योग्यच आहे. मात्र ते खेळाविषयीचे नाटकही आहे, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. छुप्या भूमिकांच्या खेळाशेजारी ठेवून वाचले असता त्याची रचना अधिक स्पष्ट होते.

मुंबईहून एका गावी आलेल्या नाटकमंडळींना रात्री अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करावयाचा आहे. एक नट येऊ शकत नाही, म्हणून सामंत या गावातल्या साध्या माणसाला उभे करावयाचे ठरते. त्याला सराव व्हावा म्हणून दुपारी एक खोटा खटला चालवावयाचा. आरोपी म्हणून बेणारेला निवडले जाते आणि आरोप ठेवला जातो भ्रूणहत्येचा. येथवर सारे गमतीचे आहे. पुढे साक्षी सुरू होतात आणि खेळाच्या आडून खऱ्या आयुष्यातल्या गोष्टी बाहेर काढल्या जातात. सामंताची साक्ष तर हातातल्या कादंबरीवरून रचलेली असते. तरीही ती पुढच्या साक्षींना दिशा देते. माफिया खेळणाऱ्या कोणालाही ही चाल ओळखीची वाटेल : पहिला आरोप निव्वळ अंदाज असतो, दुसरा त्याचा आधार घेतो, तिसऱ्यापर्यंत तो पुरावा झालेला असतो.

दोन गोष्टी विशेष नोंदविण्याजोग्या आहेत. पहिली, न्यायाधीश झालेले काशीकर आपले आसन सोडून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतात. खेळ चालविणाऱ्यानेच बाजू घेतली की त्या क्षणी खेळ संपलेला असतो. उरते ती शिकार. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. शिक्षेपूर्वी आरोपीला बोलण्याची संधी म्हणून काशीकर घड्याळ पुढे धरून दहा सेकंद देतात. त्यानंतर बेणारेचे दीर्घ स्वगत येते, बाकीची पात्रे स्तब्ध असतात, आणि ते संपल्यावर वेळ संपल्याचे जाहीर होते. न्यायालयाच्या लेखी ती दहा सेकंद गप्प उभी राहिली. स्वगत ऐकतो तो केवळ प्रेक्षक. न्यायासनाने नाकारलेला वेळ नाटककाराने रंगभूमीच्या अधिकारात तिला दिला आहे. मौनाच्या आत काय असू शकते हे दाखविणारा असा दुसरा प्रसंग मराठी नाटकात क्वचितच असेल. वेगवान खेळातील गप्प खेळाडूकडे पाहताना हा प्रसंग आठवावा असा आहे. तेथे स्वगत ऐकावयास कोणी प्रेक्षक नसतो.

आणखी एक तपशील. बेणारेच्या गरोदरपणाला जबाबदार असलेले प्राध्यापक दामले नाटकात येतच नाहीत. त्यांचे नाव पुकारले जाते, ते गैरहजर असल्याची नोंद होते आणि खटला पुढे चालतो. या साऱ्या प्रकरणात ज्याने खरोखर काही लपविले आहे तो खेळात सामीलच नाही. 'माफिया'ची रचना येथे तेंडुलकरांच्या तुलनेत भाबडी ठरते. ती असे गृहीत धरते की, दोषी माणूस या बसलेल्यांतच आहे आणि पुरेशा वेळा मत दिले की तो सापडेल. समूहाला हे गृहीतक फार आवडते. ते खरे नसण्याची शक्यता खेळाच्या नियमांत कोठेच नाही.

खेळाबाहेर

येथे एका गोष्टीची स्पष्टता आवश्यक आहे. खेळामुळे हिंसा होते असे सुचविण्याचा हेतू नाही. तसा कार्यकारणसंबंध मांडणे उथळपणाचे होईल. परंतु रचनेतील साम्य नाकारता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठार केले. त्यांतील बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. भिक्षा मागत फिरणे ही त्यांची परंपरागत उपजीविका. त्या दिवसांत मुले पळविणाऱ्यांविषयीच्या अफवा मोबाईलवरून राज्यभर पसरत होत्या. माहिती नसलेले बहुमत, बाहेरून आलेली अनोळखी माणसे, आपल्यात कोणी छुपे आले आहे अशी खात्री आणि क्षणात घ्यावयाचा निर्णय : खेळातले सारे घटक तेथे होते, नव्हता तो सूत्रधार, आणि थांबण्याची वेळ.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यावर मर्यादा घातली. हा उपाय संदेशाच्या खरे-खोटेपणावर नव्हता. तो वेगावर होता. ज्यांना माध्यमाची अंतर्गत रचना ठाऊक होती त्यांनी रोगाचे स्थान कोठे मानले, हे यातून कळते.

सोलापूरला भूमिका लादल्या जाण्याचा याहून जुना अनुभव आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविण्यास आरंभ केला. पुढे सोलापुरात अशा लोकांसाठी तारेच्या कुंपणातील वसाहत झाली. १९५२ मध्ये तो कायदा देशभरात रद्द झाला, तरी शहरात त्या वस्तीला 'सेटलमेंट' हेच नाव राहिले. चोराची चिठ्ठी एकदाच वाटली गेली आणि पुन्हा उधळली गेली नाही, असे या व्यवस्थेचे वर्णन करता येईल. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) हे आत्मकथन ज्यांनी वाचले आहे त्यांना खेळातील 'चोर' हा शब्द सहज उच्चारता येणार नाही. एखाद्या वर्गात भूमिका वाटताना 'माफिया'ऐवजी 'चोर' किंवा एखाद्या समूहाचे नाव वापरण्याचा मोह सूत्रधाराला होतो तेव्हा हे ध्यानात असलेले बरे.

नव्या रचना

खेळ रचणाऱ्यांना या दोषांची जाणीव नव्हती असे नाही. २००९ च्या 'द रेझिस्टन्स'मध्ये डॉन एस्क्रिजने कोणालाही बाद करण्याची पद्धतच काढून टाकली. तेथे संशय कामगिरीसाठी निवडलेल्या गटावर घेतला जातो. अपयशाचे पत्ते उघडे पडत असल्याने चर्चेला काही आधार मिळतो. 'ब्लड ऑन द क्लॉकटॉवर'मध्ये मेलेला खेळाडू बोलत राहतो आणि त्याच्याकडे अखेरचे एक मत शिल्लक असते. बाहेर काढलेल्याचे म्हणणे डाव संपेपर्यंत ऐकावे लागते, ही त्यातील कल्पना या साऱ्या परंपरेतील सर्वांत सुसंस्कृत म्हणावी लागेल. याउलट २०१४ चा 'वन नाइट अल्टिमेट वेअरवूल्फ' वेगाच्या टोकाला जातो : एकच रात्र, एकच दिवस, काही मिनिटांची चर्चा, एक मतदान. बाद होऊन ताटकळण्याचा प्रश्नच मिटतो आणि डाव लगेच पुन्हा मांडता येत असल्याने चोराची चिठ्ठीही हात बदलते. या बाबतीत तो आपल्या चिठ्ठ्यांच्या खेळाच्या जवळ येतो. परंतु त्यात सूत्रधाराची गरज उरलेली नाही. मोबाईलमधील ध्वनिमुद्रित आवाज एकेका भूमिकेला जागे करतो आणि घड्याळ लावतो.

हा आवाज निःपक्षपाती असतो, हे मान्य करावयास हवे. तो काशीकरांप्रमाणे आसन सोडून साक्ष देत नाही. आवडत्या विद्यार्थ्याला जास्तीचा अर्धा मिनिटही देत नाही. मानवी सूत्रधाराकडून या दोन्ही चुका घडतात आणि त्या घडू नयेत म्हणून यंत्र बरे, असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. तथापि यंत्राचा समभाव हा घड्याळाचा समभाव आहे. कुंभारीच्या एखाद्या खोलीत मनातले तेलुगू वाक्य मराठीत जुळवीत असलेल्या मुलीच्या नावाखाली 'टायपिंग' दिसत आहे आणि मतदानाची पाच सेकंदे उरली आहेत. हे पाहून मतदान थोडे पुढे ढकलावयाचे की नाही, आणि ढकलले तर इतरांनी त्यातून तिची भूमिका ताडू नये म्हणून काय करावयाचे, हे त्या आवाजाला विचारता येत नाही. ज्या सूत्रधाराने पहिल्याच दिवशी, कोणावरही आरोप नसताना, आरोपीचे उत्तर येईपर्यंत मोजणी थांबेल असा नियम सर्वांसाठी सांगून ठेवलेला असतो, त्याला तो प्रश्न पडत नाही.